काकाजींचं बिनधुराचं भोजनालय

"इंजिनेर, तुही बिजली काय म्हन्ते?"

सकाळी मी दुकानाचं शटर अर्धं वर करतो न करतो तोच रस्त्यापलीकडून हा सवाल यायचा. मी इंजिनिअर नाही. आयटीआय केलेला वायरमन आहे, आणि आर्वीत बसस्टँडकडून मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारी रिवाइंड करण्याचं माझं दुकान आहे. आणि बिजली माझी नाही, हे तर मी काकाजींना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. उपयोग शून्य. व्होल्टेज उतरलं, तार तुटली, ट्रान्सफॉर्मरवर माकड चढलं, की जबाबदार मी. वीज नीट चालली तर मात्र त्याचं श्रेय त्यांच्या नशिबाला.

समोर त्यांचं भोजनालय होतं. लांब बाकं, ॲल्युमिनियमचे जग, भिंतीवर देवांची कॅलेंडरं. हंगामात कापूस घेऊन आलेले शेतकरी जेवायचे, एरवी एस.टी.चे प्रवासी आणि आमच्यासारखे दुकानदार. गल्ल्यावर काकाजी, आत काकी. काकींच्या हाताला चव होती आणि काकाजींच्या तोंडाला विश्रांती नव्हती, या दोन गोष्टींवर ते भोजनालय चालत होतं.

तुम्ही लग्नाच्या मांडवामागे डिझेलची भट्टी पाहिली असेल. टाकीत डिझेल भरायचं, पंपानं हवा मारायची, बोळा पेटवून बर्नर तापवायचा. तापेपर्यंत काळा धूर, तापल्यावर कान बसवणारा आवाज. मांडवात ती दोन दिवस असते, म्हणून कोणी काही बोलत नाही. काकाजींच्या मागच्या टिनाच्या खोलीत ती वर्षानुवर्षं रोज पेटत होती. हवा मारायचे काकाजी, आणि सकाळपासून दुपार टळेपर्यंत तिच्यासमोर उभ्या राहायच्या काकी. भिंती काळ्या, छत काळं, काकींच्या लुगड्याचा पदर काळा. भट्टी सुरू असताना आत बोललेलं काही ऐकू येत नसे. दोन बोटं दाखवली की दोन ताटं, मूठ वळली की भात संपला. त्यांचा सगळा संसार खुणांवर चालला होता.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा काकींचा दम फारच वाढला. आतून गल्ल्यापर्यंत यायचं तर मध्ये एका बाकाला धरून थांबावं लागे. एक वाक्य बोलायला तीनदा श्वास घ्यायच्या, आणि त्या श्वासाची घरघर समोरच्या बाकावर जेवणाऱ्याला ऐकू यायची. वर्ध्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एक तर बाईंना स्वयंपाकघरातून काढा, नाहीतर धूर काढा. नाहीतर बाई राहणार नाहीत.

काकी स्वयंपाकघरातून निघणाऱ्यातल्या नव्हत्या. काकाजींनी एक आचारी आणला, त्याला त्यांनी जेवणाआधी पळवला. दुसरा आणला, तो वरणात गूळ जास्त घालतो म्हणून गेला. मग धूरच काढायचा ठरला. आम्ही सगळ्या शेजाऱ्यांनी एकमुखानं सांगितलं, गॅस घ्या. कुठलाही शहाणा माणूस हेच करील. काकाजी शहाण्यांच्या वाटेला कधी गेलेच नाहीत.

"गॅस नको मले," ते म्हणाले. "धूर दिसते तरी. गॅस दिसत नाई. जे दिसत नाई त्याच्यावर मानसानं भरोसा कसा ठेवाव?"

"मंग बिजली दिसते का, काकाजी?"

"नाई दिसत. पन बिजलीसाठी तू हायस ना समोर. गॅसवाला कुठी राह्यते, मले मालूम नाई."

मी हात जोडले, आणि त्यातच माझी शांतता संपली.

नवा मीटर, जाड केबल, मोठा मेन स्विच, मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा. नागपूरहून कॉइलच्या मोठमोठ्या शेगड्या आणल्या, भातासाठी विजेचा कुकर, पाण्यासाठी गीझर. काकाजी प्रत्येक वस्तूला हाताची उलटी बाजू लावून पाहायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. उलट्या हातानं पाहायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं, आणि नंतर मला त्याचा पश्चात्ताप झाला. कारण ते दिवसातून दहा वेळा पाहायचे आणि दहा वेळा मला हाक मारायचे. "इंजिनेर, हे कोमट कशी लागून राह्यली?" अहो, बंद आहे म्हणून! बटण तर दाबा!

भट्टी त्यांनी एका केटरर्सला देऊन टाकली. शेगड्या सुरू झाल्या, त्या दुपारी मी आतच होतो. कॉइल लाल झाली, तवा तापला, आणि आवाज काहीच नाही. पोळी लाटल्याचा, बांगड्यांचा, वरणाच्या उकळीचा आवाज त्या खोलीत पहिल्यांदाच ऐकू येत होता. काकाजी बाहेर कोणाशी तरी तावातावानं बोलत होते. काकी लाटणं थांबवून ऐकत राहिल्या.

"इतके वर्स मले वाटे," मध्ये श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "हा मानूस बाहेर चूपचाप बसून राह्यते. हा तं... दिवसभर बोलते!"

त्या दिवसापासून त्यांची भांडणं सुरू झाली. आधी भांडायला सोयच नव्हती.

भरिताची अडचण मी आधीच ओळखली होती. वांगं भाजायला जाळ लागतो, आणि आता जाळच नव्हता. काकाजी म्हणाले, कॉइलही लालच आहे. त्यांनी वांगं थेट कॉइलवर ठेवलं. ते फुटलं, रस आत गेला, आणि माझी एक नवी कोरी कॉइल गेली. मी कपाळावर हात मारून घेतला. पण हिवाळ्यात कास्तकार भरीत मागणारच. शेवटी काकाजींनी वेगळाच रिवाज पाडला. यार्डात मुक्कामाला असलेले गाडीवाले आपापल्या गाडीजवळ कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा जाळ करतच असत. काकाजी सकाळी त्यांना वांगी वाटून यायचे आणि सांगायचे, "तुमी भाजून आना, फोडनी आमची." दुपारी एकेक कास्तकार रुमालात काळं ठिक्कर वांगं घेऊन जेवायला यायचा. स्वतःच्या वांग्याचं भरीत ओळखून मागायचा. माझं त्याचं झालं, माझं याचं झालं, अशी तिथे बाचाबाची व्हायची आणि ती सोडवायला काकाजी मला बोलवायचे. वांग्याचा आणि वायरिंगचा काय संबंध, असं मी विचारलं तर म्हणायचे, "तुह्याच बिजलीपाई झालं ना हे?"

पण मला खरं छळलं ते फ्यूजनं.

शेगड्या बसवल्यावर रोज सकाळी, अगदी भोजनालय उघडायच्या वेळेला, फ्यूज उडायचा. रोज. मी शटर उघडायच्या आत हाक यायची. मी जायचो, फ्यूजची तार बदलायचो, शेगडी उलटीपालटी करून पाहायचो. सगळं ठणठणीत. दिवसभर सुरळीत चालायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फट्! मी केबल तपासली. मेन स्विच बदलला. अर्थिंगचा खड्डा परत उकरून त्यात मीठ-कोळसा भरला. शेगडी दुकानात आणून दिवसभर पेटती ठेवली, तिला काही होत नव्हतं. माझ्या दुकानात चहा प्यायला येणारे लोक मला सल्ले द्यायला लागले. एकानं तर अंगणात लिंबू बांधायला सांगितलं. धंद्यात माझं नाव होतं, आणि एका शेगडीनं माझ्या नाकी नऊ आणले.

शेवटी एका सकाळी मी हट्टानं काकींच्या आधी जाऊन स्वयंपाकघरात बसलो. म्हटलं, आज काय ते डोळ्यांनी पाहतोच.

काकींनी शेगडी लावली. कॉइल लाल झाली. पहिली पोळी झाली. त्यांनी तवा उतरवला, पोळीचा एक तुकडा मोडला, त्यावर तूप सोडलं आणि तो थेट लाल कॉइलवर ठेवला. हात जोडले. मग वाटीतलं पाणी ओंजळीत घेऊन शेगडीभोवती फिरवलं. पाण्याची धार कडेनं आत उतरली. फट्! सगळं बंद.

"पाह्य," काकी म्हणाल्या, "रोज असंच होते."

"काकी! काय करून राह्यल्या हे?"

"काय केलं? पयला घास अग्नीले देला."

"अन् पानी?"

"निवद दाखवल्यावर पानी फिरवत नाई का कोनी?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू माझ्या घरी मला कोणी काही शिकवलंच नाही.

तुम्हीही लहानपणी चुलीत पहिला घास पडताना पाहिला असेल. काकींच्या सासूनं तो चुलीला दिला, काकींनी भट्टीला दिला, आणि भट्टी गेल्यावर त्यांनी तो शेगडीला देऊ केला. यात त्यांचं काय चुकलं? पण हे मी आज म्हणतो. त्या क्षणी मी ओरडलो. ओल्या हातानं उघड्या कॉइलशी हा खेळ चालला होता, आणि तोही रोज. फ्यूजऐवजी एखाद्या दिवशी काकीच गेल्या असत्या.

ओरडणं ऐकून काकाजी आत आले. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते नेहमीप्रमाणे माझ्यावरच उलटतील. पण त्यांचा चेहरा पार उतरला. बायको धुरानं जाईल म्हणून त्यांनी हा सगळा उपद्व्याप केला होता, आणि ती विजेनं गेली असती. त्यांनी वाकून शेगडीतली काळी पडलेली कॉइल पाहिली. मग हळूच म्हणाले, "मंग हे अग्नी नाई?"

"तार हाये, काकाजी. तापलेली तार."

"मी अग्नीले घास देल्याशिवाय कोनाले जेवू घालत नाई," काकींनी तिथल्या तिथे जाहीर केलं. "इतके वर्स नाई घातलं, आता नाई घालत."

बाहेर बाकांवर माणसं बसायला लागली होती. काकाजींनी मला विचारलं, "अग्नी कुठी हाये मंग?"

माझं डोकं फिरलं होतं. किती दिवस मी त्या फ्यूजमागे घालवले होते! मी म्हणालो, "असन तिकडं सबस्टेशनात! मले काऊन विचारता?"

ते वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि माझ्या डोक्याला नवा ताप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी सायकलवर टांग मारून गावाबाहेरच्या सबस्टेशनला निघाले. हँडलला पिशवी, पिशवीत डबा, डब्यात तूप लावलेली पहिली पोळी. तिथल्या ऑपरेटरनं मला नंतर हे सगळं सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता की रडत होता ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मी विचारलं, हे काय? तं म्हने, घास हाये. म्हटलं, कोनाचा? म्हने, तुमच्या मशीनीचा. पन मशीनीजवळ जाऊ नको म्हनून इंजिनेरनं सांगतलं, मंग तुमीच खा."

पहिले काही दिवस त्यानं नको नको केलं. नंतर तो वाट पाहायला लागला. पुढे तर त्यानं निरोप पाठवला, की घासासोबत लोणचंही येऊ द्या. काकींचं समाधान झालं. "तिकडं पोचते ना? बस झालं," त्या म्हणाल्या, आणि शेगडीभोवती पाणी फिरवणं थांबलं. फ्यूज उडायचा बंद झाला.

पण बाजारात बातमी फुटायला वेळ लागत नाही. काकाजी रोज सबस्टेशनला डबा नेतात म्हणून त्यांची लाईट जात नाही, असं लोक बोलायला लागले. त्यांची लाईट सगळ्यांसोबतच जायची आणि सगळ्यांसोबतच यायची, हे पाहायला डोळे लागतात. कोपऱ्यावरचा चहावाला गरम भजे घेऊन जायला लागला. पिठाच्या गिरणीवाल्यानं पेढे नेले. ऑपरेटरचा फोन माझ्या दुकानात आला, "भाऊ, तुमच्या रोडच्या लोकायले काय झालं? मले डॉक्टरनं तेलाचं बंद कराले सांगतलं हाये!" मी काकाजींना जाऊन बोललो. ते म्हणाले, "त्यायचे भजे खाऊ नको म्हनाव त्याले. आपली पोयी खाजो म्हना." झालं!

आणि या सगळ्या त्रासात एक गोष्ट खरोखर घडली. काकींचा दम उतरत गेला. आधी त्या वाक्यात तीनदा थांबायच्या, मग दोनदा, मग एकदा. एके दिवशी त्या चालत रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आल्या आणि गीझर गळतो म्हणून त्यांनी मला एका दमात, कुठेही न थांबता, इतकं बोलून घेतलं की मी हातातला पाना खाली ठेवला. काकाजी पलीकडून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते पाहून मला माझा अपमानही गोड लागला.

पुढची वर्षं तुम्हाला आठवत असतील. भारनियमन. आधी थोडा वेळ, मग अर्धा दिवस. ऐन जेवणाच्या वेळी भात अर्धा कच्चा आणि तवा गार. काकींनी पहाटेच रांधून भात-वरणाचे गंज गोधडीत गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. पण गार पोळी खायला एस.टी.चा प्रवासी कशाला थांबेल? बाकं रिकामी राहायला लागली. लोक म्हणाले, काकाजी, भट्टी परत आणा. ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे. मी म्हटलं, आता तरी गॅस घ्या, आता तर मागाल तेव्हा मिळतो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. दिसत नाई!

आणि एका दुपारी त्यांच्या दारात टेम्पोतून जनरेटर उतरला. डिझेलचा.

मला खरोखर ओरडावंसं वाटलं. ओरडलोही. "काकाजी, डिझेल घालवाले तुमी बिजली आनली, अन् आता बिजलीसाठी डिझेल आनलं? हे काय चाललं हाये?"

काकाजींनी आत नजर टाकली. काकी लांब होत्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "डिझेल तेच हाये. नाक दुसरं हाये. काकीजवळ बोलशीन तं पाहजो."

भोजनालयामागे मोठी मोकळी जागा होती. तिच्या दुसऱ्या टोकाला जनरेटर ठेवायचा, हे ठीक होतं. पण वारा रोज एकाच बाजूनं वाहत नाही. म्हणून काकाजींनी जनरेटर ढकलगाडीवर चढवला! लाईट गेली, की ते रस्त्यावर पडलेला कापसाचा पुंजका उचलायचे, आमच्या रस्त्यावर त्याची काही कमी नव्हती, आणि चिमटीतून सोडून द्यायचे. तो ज्या बाजूला उडेल त्या बाजूला गाडी ढकलत न्यायची, म्हणजे धूर स्वयंपाकघरापासून उलट दिशेला जाणार. केबल पुरायची नाही. मग मला हाक. मी केबल वाढवून द्यायचो. वारा फिरला की गाडी दुसऱ्या टोकाला, की परत हाक.

"काकाजी, एवढ्या लांब केबलमंदी व्होल्टेज पडते."

"पडू दे. उचलाले तू हायस."

मी उंच पाइप बसवून दिला. तरी वारा पडला की धूर खालीच घुटमळायचा. आणि त्या धुरात, जनरेटरपासून हातभर अंतरावर, काकाजी स्टूल टाकून बसायचे. लाईट नाही तितका वेळ. अर्धा अर्धा दिवस. मी शंभर वेळा सांगितलं, मशीनजवळ बसायची काही गरज नाही, ती आपोआप चालते. ते म्हणायचे, "अन् हवा फिरली तं? कोन पाहीन?" काकींनी विचारलं, की इतका वेळ तिकडे कशाला बसता, तर त्यांनी सांगितलं, "इंजिनेर म्हन्ते, एक मानूस बसाच लागते." माझं नाव! मी असं काहीही म्हटलेलं नव्हतं. हे मला नंतर कळलं तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी केबलसाठी हाक मारली आणि मी गेलो.

मग त्यांना खोकला लागला. साधा म्हणता म्हणता तो मुक्कामालाच आला. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. "दमा तिचा हाये," ते म्हणाले, "मले कायचा?" मी म्हटलं, स्टुलावर मी बसतो, माझ्याकडे कामाला येणारा माणूस बसेल, कोणीही बसेल. ते नाही म्हणाले. "तुमाले हवेचं नाई समजत." मी काकींना सगळं सांगून टाकेन अशी धमकी दिली. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ती धमकी मागे घेतली. इतका आडमुठा माणूस मी जन्मात पाहिला नाही. तुम्हीही पाहिला नसेल.

एका उन्हाळ्यात त्यांना वर्ध्याला नेलं, ते परत आले नाहीत. कोणी म्हणालं जनरेटरनं, कोणी म्हणालं एवढी वर्षं भट्टीत हवा मारत होते त्यानं. मी डॉक्टर नाही. मला काय ते माहीत नाही.

काही आठवड्यांनी काकींनी भोजनालय उघडलं. गल्ल्यावर त्यांचा भाचा बसला. पहिल्याच दिवशी बाकं भरली. काकाजींसाठी म्हणून बरेच जण आले होते, यार्डातले, डेपोतले, आमच्या ओळीतले सगळे. ऐन जेवणाला लाईट गेली. पंखे थांबले. आतून काकींचा आवाज आला, भात अर्धाच झाला आहे.

मी उठलो. सांगायला कोणी लागलं नाही. मागच्या मोकळ्या जागेत गेलो. ढकलगाडीवर ताडपत्री होती. ती बाजूला केली, टाकी पाहिली, आणि जनरेटर फिरवून सुरू करायचं हँडल हातात घेतलं तोच काकी मागून आल्या. स्वयंपाकघरापासून त्या टोकापर्यंत सरळ, कुठेही न थांबता चालत आल्या होत्या.

"नका लावू, भाऊ."

"काकी, मानसं बसले हायेत आत."

"बसू द्या."

"मी थांबतो इथं. हवा पाहतो. मले काही होत नाई."

"त्यायलेबी काही होत नोतं," काकी म्हणाल्या.

त्या जनरेटरकडे पाहत नव्हत्या, शेजारच्या स्टुलाकडे पाहत होत्या.

"मले काय समजत नोतं का? घरी आले की अंगाले वास येये. मी रोज म्हनो, आज बोलतो, आज बोलतो. पन माहा दम कमी झाला म्हनून ते इतके खूश राहत. मी कसं बोलू? आता या धुरात मी दुसऱ्या कोनाले बसवत नाई."

त्यांनी माझ्या हातातलं हँडल काढून घेतलं, ताडपत्री ओढून घेतली आणि तिचे कोपरे स्वतः बांधले. मग पुढे येऊन सगळ्यांना म्हणाल्या, "लाईट गेली. भात कच्चा हाये. ज्याले बस पकडाची हाये त्यानं दही-पोयी खाऊन जाव, बाकीच्यायनं थांबाव." दोघं-तिघं उठले. बाकीचे बसून राहिले. काकी गार शेगडीजवळ पाटावर टेकल्या.

पंखे बंद होते, रस्त्यावरही दुपारची सामसूम होती. मी दाराशीच बसलो होतो. इतकं शांत झालं होतं की काकींचा श्वास ऐकू येत होता. मी मुद्दाम कान देऊन ऐकला. आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. कुठेही घरघर नव्हती. आणि मला काकाजींचा असा राग आला म्हणून सांगू! हे ऐकायला तरी थांबायचं होतं त्या माणसानं.